बावीस ग्रॅमचा मोजा

मुख्य कार्यालयात बसून भिंतीवर लावायचे फलक ठरवणाऱ्या माणसा, तुला हे कुणी सांगितलं होतं? क्रेनची कंबर तू मोडली नाहीस, मान्य. पण कंबर गेल्यावर त्याला खोटं बोलायला लावलंस ते तू. त्याच्याबरोबर आणखी चार सरळ माणसांना तोंड दाबून बसवलंस तेही तूच. आधी सगळं ऐकून घे. जबाब शेवटी द्यायचा आहे.

फलक दिसायला साधा. जिममध्ये शिरलं की समोर, आरशाच्या वर. 'दुखापतीविना दिवस' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं आणि खाली रोज सकाळी मार्करने बदलायचा आकडा. आकड्याखाली बारीक अक्षरांत नियम: दुखापत झाल्यास आकडा शून्य करावा, आणि जखमी प्रशिक्षकाची तुकडी त्याच दिवशी दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हवाली करावी. बुधवारी आकडा होता चारशे नव्याण्णव.

क्रेन हा त्या जिममधला ताकदीचे व्यायाम शिकवणारा कोच. क्रेन हे नाव त्याच्या इमारतीतल्या लोकांनी पाडलेलं. कुणाचा फ्रिज वर चढवायचा असो की कुणाचं कपाट खाली आणायचं असो, लोक लिफ्टचं बटण दाबायच्या आधी त्याचं दार वाजवत. एकशे ऐंशी किलोचा बार तो जमिनीवरून असा उचलायचा, की बघणाऱ्याला वाटावं बार पोकळ आहे. आणि शिकवताना त्याचं एक वाक्य ठरलेलं: "पीस उचला नाहीतर पोतं, वाकायची रीत एकच. पाठ सरळ, ढुंगण मागे, वजन अंगाजवळ." सकाळच्या तुकडीतल्या सात जणांना ते झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं.

तर बुधवारी सकाळी हा माणूस पलंगाच्या काठावर बसून मोजे घालत होता. डावा घातला. उजवा खाली पडला, थोडा बाजूला. क्रेन उठला नाही, वळला नाही, पाठ-ढुंगण काही आठवलं नाही. बसल्या बसल्या कुशीवरून कलला, हात लांब केला, दोन बोटांत मोजा धरला आणि उसण भरली. आवाज वगैरे काही नाही. आतल्या आत कुणीतरी कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन गेलं.

बायको केस विंचरत आत आली. "काय शोधतोयस?"

"काही नाही."

"मग असा अर्धा का लोंबतोयस?"

"विचार करतोय."

"मोज्याकडे बघून?"

बोलायला श्वास लागतो आणि श्वास कमरेपर्यंत जातो हे क्रेनला नुकतंच कळलं होतं. बायकोने कंगवा ठेवला, त्याच्या काखेत हात घालून त्याला सरळ केलं, आणि हाक मारली, "बाबा, जरा या हो इकडे. तुमच्या खात्यातलं काम आहे."

बाबा म्हणजे क्रेनचे सासरे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. डोळ्याला भिंग आणि पाठ टेबलावर, त्यामुळे कंबर कधीच कामातून गेलेली. मुलीकडे राहायला आल्यापासून सहा वर्षं जावयाने त्यांना जेवताना, टीव्ही बघताना, बाथरूमच्या दाराबाहेरूनसुद्धा ऐकवलं होतं, की बाबा, तुमचे पाठीचे स्नायू कमजोर आहेत. सासरे दारात आले, जावयाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो त्यांनी सभ्यपणे रुमालाने पुसला.

"जावईबापू," ते हळुवार आवाजात म्हणाले, "एल-फोर की एल-फाइव्ह?"

म्हणजे कमरेचा चौथा मणका की पाचवा. हे मणके सासऱ्यांना स्वतःच्या फोन नंबरपेक्षा जास्त पाठ होते.

"काही झालेलं नाही, बाबा. जरा आखडलंय."

"नवीन माणूस असंच म्हणतो. थांबा, पट्टा आणतो. माझा जुना आहे, घामाला सरावलेला आहे."

बायकोने मोजा घातला, बुटाची नाडी बांधली आणि म्हणाली, "सुट्टी घे."

"उद्या पाचशे आहेत."

"कसले पाचशे?"

"दिवस. दुखापतीविना. मुख्य कार्यालयातून साहेब येणार, केक कापणार. आज मी सांगितलं तर शून्य. आणि शून्य झालं की माझी सकाळची तुकडी यंत्रवाल्याकडे."

यंत्रवाला हा दुसरा कोच. तो लोकांना यंत्रावर बसवायचा आणि स्वतः फोन बघत उभा राहायचा.

"जाऊ दे की आठ दिवस."

"उद्या बाईंचा पन्नास किलो आहे," क्रेन म्हणाला.

यावर बायकोने त्याची जिमची पिशवी आणून दिली. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट. पावणेदोन वर्षांपूर्वी जिममध्ये आल्या तेव्हा पाण्याची बादली उचलताना हात कापायचे. मुलगा म्हणाला होता, आई, आता तू काही उचलू नकोस. त्या रागावर त्या आल्या होत्या. उद्या पहिल्यांदा जमिनीवरून पन्नास किलोचा बार उचलणार होत्या. यंत्रवाल्याच्या हाती दिल्या तर त्याने त्यांना यंत्रावर बसवलं असतं आणि बाई परत बादलीवर आल्या असत्या. शिवाय क्रेनच्या मनात दुसरीही एक भीती होती, ती त्याने बायकोला सांगितली नाही: मोजा उचलता येत नाही त्या माणसाकडून पोतं उचलायला कोण शिकणार?

जिन्यात शेजारी भेटले. "अरे क्रेन, बरा भेटलास. ते कपाट जरा..."

"उद्या," क्रेन न थांबता म्हणाला. थांबला असता तर परत चालू झाला नसता.

जिममध्ये पहिला तास निभावला तो निव्वळ तोंडाच्या जोरावर. रोज तो स्वतः करून दाखवायचा. आज हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "आजपासून प्लेटा तुम्हीच चढवायच्या. मी नुसतं सांगणार, तुम्ही करायचं." लोक जरा कुरकुरले, पण करायला लागले. आणि गंमत अशी, की करून दाखवता येत नाही म्हटल्यावर क्रेन नीट बघायला लागला. वीस महिन्यांत न दिसलेल्या चुका त्याला दिसल्या. एकाची टाच उचलली जायची, एकीची मान वर जायची. बाई मात्र बार सोडून क्रेनकडे बघत होत्या. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला कुठल्या पोराने गृहपाठ केलेला नाही हे चालीवरून कळतं.

"कोच, आज खुर्चीवर बसला नाहीत तुम्ही."

"कामात आहे ना, बाई."

"हं," बाई म्हणाल्या. त्या 'हं'ला पूर्वी वर्ग घाबरायचा.

तेवढ्यात क्रेनचा फोन खिशातून निसटून खाली पडला आणि वाजायला लागला. सगळ्यांचं लक्ष फोनकडे. फोन वाजतोय, क्रेन उभा. बंद झाला, परत वाजायला लागला, तरी क्रेन उभाच.

"कोच, तुमचा फोन."

क्रेनच्या कपाळावर घाम आला आणि घामाबरोबर अक्कलही. "माझा फोन नाही तो," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "ती परीक्षा आहे. बार सगळेच नीट उचलतात. खाली पडलेला फोन कसा उचलता ते बघू. एकेक जण या. पीस नाहीतर पोतं!"

एकेक जण आला. सातपैकी पाच जण पाठ वाकवून खाली गेले, क्रेनने पाचही जणांना परत पाठवलं. फोन उचलायचा, दाखवायचा, परत जमिनीवर ठेवायचा. तिकडे बायको चौदा वेळा फोन करून हैराण. शेवटी बाईंनी तो अगदी रीतसर उचलला, कानाला लावला आणि म्हणाल्या, "ते उभे आहेत. हो, अजून उभेच आहेत."

हे सगळं दारातून मॅनेजर बघत होता. त्याने व्हिडिओ काढला आणि मुख्य कार्यालयाला पाठवून दिला. दुपारी तो उड्या मारत आला, म्हणजे एका पायावर, कारण दुसरा तो हल्ली जपून टाकायचा. "साहेब खूश झालेत तुझ्यावर! म्हणाले, उद्याच्या कार्यक्रमात हेच ठेवा. साहेब स्वतःचं पेन खाली टाकणार आणि तू सगळ्यांसमोर उचलून दाखवणार. फोटो निघणार!"

"बाई दाखवतील की. त्या चांगलं उचलतात."

"बाईंचा फोटो काय करायचाय? तुझा पाहिजे."

गुरुवारी सकाळी फलकावर पाचशे लागले. केक आला. टेबल आलं, त्यावर कापड आलं. साहेब आले, ताठ, अगदी ताठ, जिना चढताना कठडा धरून. क्रेनच्या कमरेला टीशर्टाच्या आतून सासऱ्यांचा पट्टा होता, त्यामुळे तोही ताठ. दोन ताठ माणसांनी हात मिळवले. मागच्या रांगेत बायको, आणि तिच्या शेजारी गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन सासरे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "जावयाची परीक्षा आहे," ते शेजारच्याला सांगत होते, "तोंडी झाली, आता प्रात्यक्षिक."

साहेबांनी भाषण केलं. "हा फलक माझी कल्पना. फलक लावल्यापासून या शाखेत पाचशे दिवस एकही दुखापत नाही!" टाळ्या. मग त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि हात सोडला. पेन क्रेनच्या बुटापाशी येऊन थांबलं.

"उचला, कोच."

क्रेनने पेनाकडे बघितलं. चौदा ग्रॅम, फार तर पंधरा. मग बाईंकडे बघितलं. बाई बारापाशी उभ्या होत्या, हाताला खडू लावून, आणि त्या त्याच्याकडे अशा बघत होत्या, की पोरा, उत्तर चुकलं तरी चालेल, कॉपी नको.

"नाही उचलता येणार, साहेब," क्रेन म्हणाला. "काल सकाळी मोजा घालताना माझी कंबर गेली. कालचा सगळा दिवस मी लपवलं. ते पाचशे खोटे आहेत."

मॅनेजर पुढे झाला. "साहेब, मोजा घरचा होता! घरचं मोजायचं नसतं ना?"

"मग माझं मोजा," मागून आवाज आला. सफाईच्या मावशी. "मी त्या वजनांच्या खोलीत ओल्या फरशीवर आपटले होते. आकडा तेव्हा दोनशे बारा होता. मी तो पुसायला गेले तर हे मॅनेजरच म्हणाले, मावशी, उद्या बघू. तो उद्या अजून यायचाय."

रिसेप्शनवरच्या मुलीने बाही वर केली. मनगटाला पट्टी. "सव्वा महिना झाला. तरी मी पूर्ण बाह्यांचेच कपडे घालतेय. उन्हाळ्यात."

यंत्रवाला खाली बघत म्हणाला, "खांदा. सहा महिने. हात वरच जात नाही. म्हणून मी फोन बघत उभा राहतो. फोनवर काही नसतं."

सगळ्यांनी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने केककडे बघितलं. "गुडघा," तो म्हणाला. "पण फार नाही."

क्रेन यंत्रवाल्याकडे बघत राहिला. सहा महिने या माणसाला त्याने आळशी म्हटलं होतं.

साहेब लाल झाले. "नियम नियम असतो. जखमी कोचची तुकडी आजच दुसऱ्या कोचच्या..." आणि थांबले. दुसरा कोच खांदा धरून समोर उभा होता. तिसरा नव्हता.

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. "आधी माझं पेन द्या कुणीतरी."

पेन जमिनीवर होतं, साहेबांपासून दोन पावलांवर. कुणीच हललं नाही. सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेब पेनाकडे बघायला लागले. एक पाऊल पुढे आले, गुडघे किंचित वाकवले, थांबले, आणि त्यांचा डावा हात नकळत कोटाच्या मागे कमरेवर गेला.

"राहू दे ते पेन," साहेब म्हणाले.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. सासरे उठले, गरम पाण्याची पिशवी घेऊन पुढे आले आणि अगदी हळू, दवाखान्यात बोलतात तसं म्हणाले, "साहेब, एल-फोर की एल-फाइव्ह?"

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. मग पिशवी घेतली. "दोन्ही," ते म्हणाले.

पेन बाईंनी उचललं. पाठ सरळ, वजन अंगाजवळ. ते टेबलावर ठेवलं, मार्कर घेतला, पाचशे पुसले आणि शाळेच्या फळ्यावर काढतात तसं गोल, टपोरं शून्य काढलं. मग क्रेनकडे वळल्या. "हं, कोच. सांगा आता. उभं राहून सांगितलंत तरी चालेल."

क्रेनने सांगितलं. टाचा, श्वास, मान. बाईंनी पन्नास किलोचा बार उचलला, वर सरळ उभ्या राहिल्या, आणि खाली ठेवायच्या आधी दोन क्षण जास्तच थांबल्या. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. यंत्रवाल्याने एका हाताने, मांडीवर. साहेब तेव्हा पिशवी पाठीला लावून भिंतीशी उभे होते.

तर साहेब, आता सहीचं काम आहे म्हणून अहो-जाहो: तो दुखापतीचा फॉर्म तुम्हाला पाठवून तीन आठवडे झाले. 'घटनेचे ठिकाण' या रकान्यात पलंग लिहिलंय. 'उचललेले वजन' या रकान्यात बावीस ग्रॅम, क्रेनच्या बायकोने स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा ठेवून काढलेलं. तुकडी अजून क्रेनकडेच आहे, कारण हवाली करायला धड कोच सापडत नाही. फलक भिंतीवर तसाच आहे. रोज सकाळी त्यावर शून्य असतं, कारण रोज कुणीतरी येऊन खरं सांगतं आणि त्या दिवसापुरतं त्याला उचलायला वजन कमी मिळतं. तुमचं पेन रिसेप्शनच्या खणात ठेवलंय. न्यायला या, वाकायची रीत शिकवू, क्रेन आता वाकू शकतो. पण त्याआधी त्याच पेनाने, तुमच्याच सहीने लिहून कळवा: त्या भिंतीवर तुम्हाला काय हवंय, गप्प बसलेले पाचशे की बोलणारं शून्य?