तात्यांचं गाऱ्हाणं आणि माझी बी.एस्सी.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली की लोक आधी लिफ्टवाल्याला फोन करत नाहीत, तात्यांची बेल वाजवतात.

खरंच सांगतेय! तात्या लुंगी सावरत बाहेर येतात, शर्टाचं वरचं बटण लावतात (देवासमोर लुंगी चालते, उघडं बटण चालत नाही), लिफ्टच्या दारासमोर हात जोडून उभे राहतात आणि खाली वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करतात, "बा देवा म्हाराजाऽऽ! ह्या विक्रोळीतल्या, कन्नमवार नगरातल्या, आमच्या बिल्डिंगीची ही लिफ्ट, बी विंगची, ए विंगची नाय हां म्हाराजा, ती सकाळपासून रुसान बसली हा. तिका काय चुकला-माकला असात, कोणी दोन वेळा बटण दाबला असात, तर ता पोटात घाल, आणि तिका वर-खाली कर रे म्हाराजा!"

आणि मग जो कोणी तिथे उभा असेल त्याने ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" भाजीच्या पिशव्या घेऊन उभं असाल तरी ओरडायचं. आमच्याकडे पाण्याचे जार आणणारा शंभू मूळचा बिहारचा आहे, त्याचं 'व्हय म्हाराजा' आता माझ्यापेक्षा जास्त मालवणी येतं.

लिफ्ट कधीकधी सुरू होतेसुद्धा. मग तात्या अशी मान हलवतात की जणू वायर त्यांनीच जोडली.

गाऱ्हाणं सगळ्या कोकणात घालतात. पण ते गणपतीला, जत्रेला, लग्नाकार्यात. तात्यांना कारण लागत नाही. पाण्याचं प्रेशर, तिसऱ्या मजल्यावरच्या पाटलांची नोकरी, माझ्या बाबांचा पाठीचा मणका, कुणाच्या तरी पार्सलमध्ये आलेला चुकीच्या साइजचा बूट. तात्या आमच्या समोरच्याच खोलीत राहतात, एकटेच. कंपनीतून रिटायर झालेत, काकी जाऊन खूप वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांचा एक नियम आहे. देवाला पूर्ण पत्ता द्यायचा. "मुंबईत एका नावाची किती माणसा असतत! देवान खंय खंय शोधूचा?"

तर अशा माणसाच्या तावडीत मी माझं अ‍ॅडमिशन दिलं.

म्हणजे झालं असं की बारावी झाली, नर्सिंगची सीईटी झाली, पहिला राऊंड लागला आणि माझं नाव कुठेच नाही. दुसऱ्या राऊंडची वाट बघायची. तेवढ्यात मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये मला जीएनएमची सीट मिळाली. जीएनएम म्हणजे डिप्लोमा, तीन वर्षं. बी.एस्सी. म्हणजे डिग्री, चार वर्षं. आईचं म्हणणं, हातातलं घे, घरून डबा नेशील. माझं म्हणणं, मला बी.एस्सी.च पाहिजे. डिप्लोमा वाईट नाही हां, जीएनएम केलेल्या नर्सेस काय भारी असतात! पण मला पुढे एम.एस्सी. करायचंय, आयसीयूत काम करायचंय, मग शिकवायचंय. माझ्या डोक्यात सगळा नकाशा तयार आहे, फक्त गाडीत बसायला कुणी देत नव्हतं.

मी तात्यांना सगळं नीट समजावलं. ते दोन दिवस नुसतेच पाठ करत बसले. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या घरी येऊन वायफायच्या राऊटरवर अख्खा नारळ ठेवला, पुढे विडा-सुपारी, आणि सुरू, "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान नर्सिंगचो फॉर्म भरल्यान हा. बी.एस्सी.! बी, एस, सी! जी.एन.एम. येगळा असता म्हाराजा, थय गोंधळ करू नको. साईट झोपली असात तर तिका उठव..."

"व्हय म्हाराजा!" मी एवढ्या जोरात ओरडले की नारळ गडगडला आणि नेट गेलं.

आई किचनमधून म्हणाली, "घ्या. दिला देवाने कौल."

आता तात्यांचा आणि माझा खरा संबंध सांगते. त्यांना काचबिंदू आहे. रोज संध्याकाळी डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही, नाहीतर नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. आणि तात्यांना थेंब घालता येत नाहीत. बाटली दिसली की डोळा गच्च मिटतात. त्यामुळे अकरावीपासून ते काम माझं. मी गेले की ते खाटेवर आडवे होतात आणि थेंब पडायच्या आधी त्यासाठीही गाऱ्हाणं घालतात, "बा देवा, ह्या चेडवाचो हात स्थिर ठेव..." मी म्हणते, "तात्या, तोंड बंद, डोळा उघडा." ते नेमकं उलटं करतात. एक थेंब कानात, एक मिशीत, मग एक डोळ्यात. मग आल्याचा चहा, मग बिल्डिंगच्या बातम्या, मग 'जरा बस गो, खंय पळतंस.' दोन थेंबांना तास लागायचा. पण मला भारी वाटायचं. माझा पहिला पेशंट!

आणि ह्या माझ्या पहिल्या पेशंटने मला फसवलं. ऐका.

एका दुपारी मी क्लासमधल्या मैत्रिणीकडून लवकर परत आले तर तात्यांचं दार अर्धं उघडं आणि आतून आवाज, "...मुलुंडाचा कॉलेज, देवा म्हाराजा, रेल्वेन गेला की जवळच पडता, चेडू सांजेक घरी येता..." आणि त्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणणारा आवाज माझ्या आईचा!

मी आत घुसले. "तात्या! तुम्ही डबल गेम करताय?"

तात्या हात जोडलेलेच. "तुझ्या आवशीन सांगल्यान. तिका नाय कसा म्हणूचा?"

"आणि मला व्हय कसं म्हणालात?"

"तुकाय नाय म्हणूक येत नाय."

"अहो, एकाच नावाने दोन अर्ज गेले तर दोन्ही बाद होतात!"

हे मात्र त्यांना लागलं. नियमाचे पक्के ना! ते गंभीर झाले आणि आईकडे बघून म्हणाले, "वैनी, ह्या चेडवाचा खरा हा. एक अर्ज मागे घेऊक होयो." कुठला ते नाही बोलले. आई फणकारून निघून गेली.

गुरुवारी संध्याकाळी दुसरा राऊंड लागला. मी पेज रिफ्रेश करून करून बोटाची साल काढली होती. आणि आलं! बी.एस्सी. नर्सिंग, सरकारी कॉलेज, लातूर!

मी किंचाळले. मग आई किंचाळली, वेगळ्या सुरात. "लातूर?"

तात्या आवाज ऐकून आलेच. "लातूर? म्हणजे घाटार?" आमच्या तात्यांच्या नकाशात घाटावरचं सगळं परदेश. "थय मासे गावतत काय?"

"तात्या, मी मासे खायला जात नाहीये."

"मगे चार वर्सां खातलंस काय?"

शनिवारपर्यंत ठरवायचं होतं. मुलुंडलाही शनिवारीच शेवटचा दिवस, आणि ओरिजिनल लिव्हिंग सर्टिफिकेट एकच असतं. एकीकडे जमा केलं की दुसरीकडचं दार बंद. बाबा म्हणाले, तू ठरव. आईने हॉस्टेल काढलं, जेवण काढलं, तिकडचा उन्हाळा काढला. मी सगळ्याला उत्तर दिलं. माझ्याकडे उत्तरं तयारच होती. मग शुक्रवारी दुपारी चपात्या लाटता लाटता ती शांतपणे म्हणाली, "आणि तात्यांच्या डोळ्यांचं काय? एक दिवस चुकवायचं नाही, नजर जाते, असं तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

मी तव्यावरची चपाती उलटली आणि मनात एकेकाचं नाव घ्यायला लागले.

आई घालेल का? तिला डोळ्याजवळ हात नेला की स्वतःलाच कसंतरी होतं. बाबा आठला येतात, कधी दहाला. शेजारीपाजारी चार दिवस घालतील. चार वर्षं कोण घालणार? पहिल्यांदाच मला वाटलं, मुलुंड काय वाईट आहे? जीएनएमनंतरही पुढची डिग्री करता येतेच की, अजून दोन वर्षं घालवून. मी चक्क हिशेब मांडायला लागले. मग स्वतःचाच राग आला. नाही यार. नर्स होणार ना मी? मग पेशंटला शिकवायचं. आजच्या आज!

संध्याकाळी मी आरसा घेऊन तात्यांकडे गेले. "बसा इथे. आज तुम्ही स्वतः घालायचं. तुम्हाला जमेपर्यंत मी घरी जाणार नाही."

"आणि जमला नाय तर?"

"तर मी लातूरला जाणार नाही. मुलुंडला जाईन." खोटं नव्हतं बोलत. तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

गाऱ्हाणं नाही, काही नाही. तात्यांनी सरळ माझ्या हातातला आरसा घेतला आणि उशीवर पालथा टाकला. बाटलीचं झाकण एका हाताने उघडलं, मान मागे टाकली, बोटाने खालची पापणी ओढली. टप. दुसरा डोळा. टप. एक थेंब इकडे नाही, तिकडे नाही. मग डोळे मिटून दोन बोटांनी नाकाजवळचे कोपरे दाबून धरले, औषध घशात उतरू नये म्हणून. ते दाबणं मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. ते मीच दाबायचे.

"तात्या?"

"डाक्टरान पैल्याच दिवशी शिकवलेल्यान," ते डोळे मिटूनच म्हणाले. "डोळ्यात दोन थेंब घालूक काय डिग्री लागता?"

मला एकदम आठवलं. "आणि मे महिन्यात आम्ही गावी जातो तेव्हा? तुम्ही म्हणायचात कोणीतरी घालतं!"

"तेव्हा देव घाली."

मला हसायला येत होतं आणि प्रचंड राग येत होता. कानातले थेंब, मिशीतले थेंब, ती महागडी बाटली अर्धी वाया! "मग मला रोज कशाला बोलवायचात?"

तात्यांनी बाटलीला झाकण लावलं, ते लागलेलं असूनही परत एकदा पिळलं. "चाय ठेवतंय," म्हणाले आणि उठले.

चहा झाला. मग मी तिथेच, त्यांच्या खाटेवर बसून, फोनवर लातूरची सीट अ‍ॅक्सेप्ट केली. तात्या बशी धरून स्क्रीनकडे बघत होते.

"झाला?"

"झालं."

"बी.एस्सी.च ना? बघून दाब."

"बघून दाबलं, तात्या."

मी दारापर्यंत गेले. आईशी भांडायला अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. मागून ते म्हणाले, "थय पोचल्यार फोन कर. रोज नको हां. अभ्यास असतलो तुका."

"बरं."

मी चपला घालत होते तर पुन्हा आवाज आला, जरा हळू. "केलंसच तर सांजेक कर. सांजेक मी रिकामोच असतंय."