नांदेड ते कोल्हापूर, एक तास पाच मिनिटं

आमचा बाळूकाका कुणाला ‘बरा आहेस ना’ असं विचारत नाही. ‘तुझ्या पोराला जवळचं विमानतळ कुठलं?’ असं विचारतो. उत्तर मिळालं की शाळेतला जुना नकाशा जमिनीवर पसरतो, दोन गावांमध्ये दोरा ताणतो, पट्टीवर धरतो आणि निकाल देतो. शेजारच्या भागीमावशीची लेक जळगावला, म्हणून मावशीला ऐकवलं, “जळगाव ते कोल्हापूर, पाचशे किलोमीटर. सव्वा तास.”

“पण तिथनं विमान सुटतं का?”

“आज नाय तर उद्या सुटंल. अंतर काय हलतंय?”

मावशीही कमी नव्हती. “माझी म्हस धाडायची हाय जळगावला. बघ की किती वेळ लागंल.”

“म्हशीला घेत नाय गो विमानात,” काका अगदी गंभीरपणे म्हणाला.

काका स्वतः विमानात कधी बसलेला नाही. तीस वर्षं त्यानं पोलादपूर-महाबळेश्वर एसटी चालवली. मी त्याचा महाडचा पुतण्या; एकदा बसलोय. वर गेल्यावर कसं वाटतं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, “डोळे मिटून घेतले होते.”

“मग तिकीट कशाला काढलंस? घरीच मिटायचे की रे!”

हे वेड पूर्वी नव्हतं. गेल्या वर्षी काकू पहाटे गेली. आमच्या वाडीत मुंबईला कामाला असलेली घरची माणसं आल्याशिवाय मयत उचलत नाहीत. पाच-सहा तास कुणी तक्रार करत नाही. पण त्यांचा मुलगा सुरेश नांदेडला. वाडीत रेंज नाही, म्हणून काका वरच्या वळणावर जाऊन त्याला फोन करून आला. “निघालो, थांबा,” एवढंच सुरेश म्हणाला होता.

“किती वेळ लागंल?” लोकांनी विचारलं.

काकानं ड्रायव्हरचा हिशोब केला. “नांदेड म्हंजे सोळा तास. वर घाट. नाय पोचत तो. दिवस बुडायच्या आत उचला.”

रस्त्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. विमानात बसलेला तिथं मी एकटा. मलाही विमान सुचलं नाही. उलट मी शहाण्यासारखी मान डोलावली.

संध्याकाळी सात वाजता सुरेश कोल्हापूरहून भाड्याची जीप करून आला. चितेचे निखारे अजून लाल होते. तो ओरडला नाही, रडला नाही. म्हणाला, “बाबा, विमानाला एक तास पाच मिनिटं लागली.”

त्याच आठवड्यात काकूच्या शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं रीळ बाहेर आलं.

गेल्या महिन्यात भागीमावशी गेली, दुपारी. जळगावची लेक मिळेल त्या गाडीनं निघाली होती. ऊन उतरलं तशी कुजबुज सुरू झाली. सवयीनं सगळे काकाकडे बघायला लागले. कुणी तरी म्हणालं, “बाळूदा, मोज की.”

काकानं खिशातून दोरा काढला. बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

“मोजायचं नाय. थांबायचं.”

“अरे, पण कुठवर?”

“ती येईपर्यंत.”

मी पोलादपुरातून बर्फाच्या लाद्या आणल्या. तेवढंच माझ्या हातात होतं. काका वळणावर जाऊन बसला तो तिथंच.

सकाळी रिक्षा थांबली. लेक उतरली आणि पुढं यायचा धीर होईना तिला. वाडीत सगळं उरकलं असणार असं तिच्या तोंडावर लिहिलेलं. काका गुडघ्यावर हात टेकून उठला.

“ये गो बाय,” तो म्हणाला. “थांबलोय आम्ही.”