अक्षरातलं ‘नाही’

सोनकांबळे सरांना ‘उद्या येतो’ असं सांगून सुटता येत नाही. सर चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, “उद्या म्हंजे तारीख का वायदा?”

एकदा त्यांनी हे प्लंबरला विचारलं. प्लंबर हसला. सर हसले नाहीत. तारीख आणि वार सांगितल्याशिवाय त्यांनी त्याला जिना उतरू दिला नाही. त्यानं तारीख दिली, रागारागानं गेला, आणि त्या तारखेला काय, पुढंही कधी फिरकला नाही. ऑफिसचा नळ अजून गळतो. सर म्हणतात, “गळू द्या. पण फसवलं कुणी, ते तर पक्कं कळलं.”

आमचं ऑफिस नांदेडला, एका कापडदुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. शाळा आणि वसतिगृहांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो: मुलांची हजेरी, सुट्टीचे अर्ज, पालकांना जाणारे मेसेज. मी मूळची शिरूर अनंतपाळची. लातूरला शिकले आणि नोकरीसाठी इथं आले. सर त्याच्या कितीतरी आधीपासून इथं आहेत. पन्नाशी कधीच ओलांडलेली, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. फोन उचलला की “जय भीम, बोला,” आणि मग समोरचा बोलेपर्यंत शांत.

आमचा प्रोग्राम एकच, पण तो तीन जागी चालतो. एक आमच्या मशीनवर, जिथं आम्ही हवी तशी मोडतोड करतो. दुसरा चाचणीचा. तिसरा खराखुरा, जो शाळा वापरतात. प्रत्येक जागी त्याला वेगवेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात. कोणती माहिती उघडायची, किती वेळ थांबायचं, मेसेज खरंच पाठवायचे की नुसतं पाठवल्यासारखं करायचं. या सांगण्याला आम्ही कॉन्फिग म्हणतो, आणि कॉन्फिग म्हणजे सरांचं राज्य.

मी नवीन असताना त्यात एका जागी ‘३०’ लिहिलं. सर खुर्ची सरकवत माझ्याजवळ आले.

“तीस काय, मॅडम?”

“थांबायची वेळ, सर.”

“तीस मिनिटं, तीस सेकंद, का तीस वर्षं?”

“सेकंद, सर. उघड आहे ना.”

“मला उघड हाय. तुमच्या तोंडाकडं बघून कळून राहिलं. मशीननं कुणाच्या तोंडाकडं बघावं?”

सरांनी एक पहारेकरी लिहून ठेवलाय. म्हणजे प्रोग्रामच, पण काम पहारेकऱ्याचं. सॉफ्टवेअर सुरू होताना तो एकेक गोष्ट तपासतो. आकड्याच्या जागी आकडाच हवा, हो-नाहीच्या जागी हो किंवा नाहीच हवं, चाचणीतल्या फोन नंबरच्या जागी चाचणीचाच नंबर हवा. जरा इकडंतिकडं झालं की सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. पडद्यावर सरांच्या हातचं मराठी येतं: ‘इथे आकडा पाहिजे. आपण नाव दिले आहे. दुरुस्त करून या.’

आमचे मालक वैतागतात. “सर, बारीकसारीक चूक असली तर होऊ द्या ना चालू.”

“साहेब, दारात अडवलं तर एकालाच राग येतो,” सर म्हणतात. “आत शिरून घोळ झाला तर समद्यांना रडावं लागतं.”

माणसांच्या बाबतीतही तेच. डबा उघडून आपण म्हटलं, “चला सर, जेवू या,” की प्रश्न येतो, “भूक लागली का वेळ झाली?” यामुळं सरांसोबत जेवायला फारसं कुणी बसत नाही. सर खिडकीपाशी बसतात. डब्यात रोज दोन पोळ्या आणि एक भाजी. पोळ्यांचा आकार पाहिला की कळतं, लाटणारा हात पोळ्या लाटण्यात मोठा झालेला नाही.

चाचणीसाठी आम्ही काही खोटी मुलं तयार केली होती. राजू चाचणे, सीमा नमुने, अशी. त्यांच्या खोट्या हजेरीचे मेसेज कुणाकडं तरी जायला हवेत. सरांनी पहारेकऱ्याला एकच नंबर मान्य करायला शिकवलं होतं, स्वतःचा. त्यामुळं दिवसभर, आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही, सरांचा फोन वाजायचा. मालक गंभीर होऊन काही सांगत असायचे आणि टेबलावर फोन थरथरायचा. सर चष्मा वर करून वाचायचे आणि हळूच म्हणायचे, “सीमा आज बी गैरहजर हाय.”

आम्ही हसून लोळायचो. सर मात्र फोन उलटा करून ठेवायचे, म्हणायचे, “हसू नका. पोरीला ताप असंल.”

मग मेसेज पाठवणाऱ्या कंपनीनं चाचणीसाठी वेगळी सोय काढली. मेसेज कुठल्याच फोनवर जात नाही, पडद्यावर दिसतो, काम भागतं. मालकांनी तो बदल मला करायला सांगितला. मी केला आणि सरांना दाखवला. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

“बरोबर हाय,” म्हणाले. “हे आधीच व्हायला पाहिजे होतं. चुकायला जागाच ठेवली न्हाई तुम्ही.”

सरांकडून इतकं कौतुक कुणालाच मिळालं नव्हतं. मी खुशीत होते.

त्यानंतर सर मधूनमधून फोन हातात घेऊन बघायला लागले. बटण दाबायचे, ठेवायचे. एका दुपारी माझ्याजवळ आले.

“मॅडम, एक मिसकॉल द्या बरं. बिघडला काय बघतो.”

मी दिला. फोन खणखणीत वाजला.

“बिघडला न्हाई,” सर म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

पुढं आमच्या शिरूरच्याच एका शाळेचं काम आलं. मालकांनी शनिवारी मला आणि सरांना पाठवलं. एसटीत सर खिडकीशी बसले. अर्धी वाट झाली तेव्हा मी विचारलं, “सर, तुम्ही आधीपासून इतके कडक होता का?”

सरांनी बाहेर पाहिलं. सोयाबीन कमरेला लागत होतं.

“किनवटकडच्या एका वसतिगृहाचं काम होतं,” ते म्हणाले. “चाचणी करून राहिलो होतो. मेसेज पाठवायचे का, तर ‘नाही’ लिहिलेलं होतं. पण अक्षरात लिहिलेलं. मशीनला हो-नाहीतलं ‘नाही’ वेगळं, अन् ‘नाही’ हा शब्द वेगळा. शब्द दिसला म्हंजे तिथं कायतरी हाय. कायतरी हाय म्हंजे हो. गेले की मेसेज, खऱ्या आईबापाला. आपला पाल्य वसतिगृहात नाही, म्हणून.”

“मग?”

“लिहिलं दुसऱ्यानं होतं, पण तपासलं मी होतं. मी तिथंच मशीन बसवून राहिलो होतो. एक बाप आला. जंगलातून पायी, मग कुणाच्या तरी गाडीवर. पायात काय न्हाई. पोरगं हौदापाशी कपडे धूत होतं. बाप त्याला एका शब्दानं बोलला न्हाई. नुसता त्याचा ओला शर्ट मुठीत धरून उभा राहिला. मी जाऊन सांगितलं, बाबा, चूक झाली, मशीनकडून गेलं. तर माझ्याकडं बघून म्हणतो, ‘साहेब, ज्यानं हे तपासलं, त्याला लेकरं हायत का?’”

एसटी खड्ड्यात आदळली. सरांनी समोरची दांडी धरली.

“तुम्ही काय म्हणालात?”

“जे खरं ते. न्हाईत, म्हणलं.”

मग ते स्वतःहून बोलले. “तेव्हा घरी आमच्या मंडळी तरी होत्या. त्यांना सांगून रडलो. आता त्या बी न्हाईत. तुम्ही ते मेसेज बंद केले ते बरोबरच केलं, मॅडम. मीच पास केलं. फक्त आता संध्याकाळी घरात काय वाजत न्हाई. लई शांत.”

मी बॅगेतल्या शेंगा पुढं केल्या. सरांनी घेतल्या. भूक का वेळ, ते त्यांनीही विचारलं नाही आणि मीही.

शाळेचं काम दुपारपर्यंत आटोपलं. मी त्यांना आमच्या घरी जेवायला नेलं. माझ्या आईला कमी ऐकू येतं, त्यामुळं ती मोठ्यानं बोलते आणि सगळं विचारते. गाव कोणतं, घरी कोण, लेकरं किती. सरांनी प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं. शेवटच्या दोन उत्तरांनंतर आई नुसती वाढत सुटली.

“आनिक थोडी भाकर घ्या.”

“थोडी म्हंजे...” सरांनी सुरुवात केली, आणि आईच्या हातातल्या भाकरीकडं बघून ताट पुढं केलं. “वाढा.”

दुसऱ्या दिवशी रविवार असल्यामुळं मी घरीच राहणार होते. सर दुपारच्या जीपनं निघाले. आई रस्त्यापर्यंत गेली आणि ओरडून म्हणाली, “पोचल्यावर फोन करा बरं का.” सरांनी मान हलवली.

दिवेलागण झाली तरी फोन नाही. आईनं माझ्याकडून नंबर घेतला आणि नेहमीसारखा स्पीकर लावला. एक रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

“जय भीम, बोला.”

“वैशालीची आई बोलते. पोचलात का नीट?”

पलीकडं पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“हाव, ताई. कवाच पोचलो.”

“मग फोन का न्हाई केला?”

“मला वाटलं...” सर थांबले. “मला वाटलं, आपली म्हणायची रीत असंल.”

“कसली रीत! इथं जीव लागून राहतो माणसाचा. जेवलात का?”

“कुकर लावलाय.”

“बरं बरं.” आईचं बोलणं संपलं. पण फोन ठेवायला तिचा हात होईना. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, “नांदेडात पाऊस हाय का?”

“थांबा, बघून सांगतो.”

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग चपला, मग दाराची कडी. आई माझ्याकडं बघत राहिली. मी तिला खुणेनं सांगितलं, ठेवू नकोस. बऱ्याच वेळानं सर परत आले, जिना चढल्यासारखा श्वास लागलेला.

“गच्चीवर जाऊन बघितलं, ताई. पाऊस न्हाई. आभाळ हाय.”

“असू द्या, असू द्या.”

“वारं हाय थोडं. पूर्वेकडून.”

“बरं.”

फोन कुणीच ठेवला नाही. मग सरांचा आवाज आला, अगदी हळू, आईला ऐकू गेला की नाही कोण जाणे.

“आनिक काय बघून सांगू का?”