हवा जातेय!

दत्तूअण्णा कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत आणि कुकरच्या झाकणातली रिंग अंगठ्याने दाबून बघत. माणसांची विचारपूस त्यानंतर.

अण्णा आमचे इंदिरानगरातले वरच्या मजल्यावरचे शेजारी. शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर, नव्वदच्या दशकात, गच्चीतल्या खोलीत द्राक्षांची वाइन करू लागले. तिला वाइन म्हटलेलं मात्र खपत नसे. "आसव म्हणा, आसव!" स्वतः थेंबभरही घेत नसत.

पिंप एकच, प्लास्टिकचं. रस आंबू लागला की त्यातला वायू नळीवाटे शेजारच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे सोडी. बुडबुडे थांबले, की अण्णांचा जीव कासावीस. म्हणजे झाकणातून गळती! मग पंक्चरवाल्यासारखे ते कडेने साबणाचा फेस लावत बसत. झाकणाची रबरी रिंग खाचेत एकीकडून बसवली की दुसरीकडून उसळे. "बस गं बाई, बस," अशी तिची मनधरणी चाले. एवढ्या गोडीने ते आपल्याशी कधी बोलले नाहीत, असं त्यांच्या बायकोचं, काकूंचं म्हणणं.

"हवा जातेय" हे त्यांचं जगाविषयीचं एकमेव निदान. दिल्लीतलं सरकार पडलं, "सांगत होतो, हवा जातेय." जोशांच्या मुलाचं लग्न झालं, "सील बरं दिसतंय. सहा महिन्यांनी फेस लावून बघू."

एकदा सासूबाई आल्या आणि नेमकी आमच्या कुकरची शिट्टी होईना. झाकण उघडलं, तर रिंगच गायब. सकाळी अण्णा विचारपूस करून गेले होते. मी वर धावलो.

"अण्णा, आमची रिंग?"

"ती सध्या कामावर आहे."

"अहो, डाळ कच्ची आहे!"

"चार दिवस झगडतोय, आज कुठे झाकण बसलंय. आता काढलं तर सगळ्याचं व्हिनेगर होईल. मग पिंपळगावला काय पाठवू?"

"पिंपळगावला कोण?"

अण्णांनी झाकणाच्या कडेने फेसाचं बोट फिरवलं.

"धाकटा भाऊ. वाटणीवरून बोलणं तुटलं, अकरा वर्षं झाली. पण दर हंगामात टेम्पोने द्राक्षांची पेटी पाठवतो. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी एक बाटली पाठवतो. बुचाखालचा वॉशर पार झिजलाय. वाटेत गळली तर त्याला वाटेल, मी रागाने कसंतरी बूच ठोकलं."

मी खाली आलो आणि सासूबाईंसाठी मिसळ आणायला गेलो.

काही महिन्यांनी पिंपळगावचा टेम्पोवाला अण्णांची रिकामी बाटली आमच्याकडे ठेवून गेला. स्वच्छ धुतलेली. गळ्याला सुतळीने बांधलेला एक कोरा रबरी वॉशर. द्राक्षबागेत ठिबकच्या नळीला लावतात तसला.

मी ती वर नेऊन दिली. अण्णांनी वॉशर बुचाखाली बसवला. पहिल्याच दमात बसला. बाटली कानाशी धरून ते बराच वेळ उभे राहिले.

"नाही जात," ते हळूच म्हणाले.