दोनशे वर्षांनी लागलेलं कुलूप

खरं तर ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, असं बाबांनी बजावलंय. पण ते ‘सांगायची नाही’ म्हणाले, ‘लिहायची नाही’ असं काही म्हणाले नाहीत. (शिवाय चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे सांगण्याची भीती तशीही नव्हती.)

बाबा कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहेत. एकवीस वर्षांत आपल्या हातून एक स्क्रूसुद्धा हरवला नाही, हे ते पाहुण्यांना पाणी विचारायच्या आधी सांगतात. तीच शिस्त घरात. खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवा मालवायचा, दार ओढायचं, कडी लावायची. या शिस्तीपायी आई दोनदा गच्चीवर अडकली आहे. मला तर ही खोड अगदी हास्यास्पद वाटते.

तर, स्टोअरचे मुख्य निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीसाठी दोन नावं होती. एक बाबांचं आणि दुसरं त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याचं. हा चष्मेवाला स्वतःच्या टेबलाची किल्लीही आठवड्यातून एकदा हरवतो. निवड करणार होते मोठे साहेब. साहेबांना जुन्या इमारतींचं वेड आहे, असं कळताच बाबा त्यांना म्हणाले, “रविवारी किल्ला आणि राजवाडा मी दाखवतो, साहेब!” बाबांनी स्वतः तो किल्ला फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता.

रविवारी साहेबांच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. किल्ल्याच्या दरवाज्याशी एक टोपीवाला गाइड पुढे आला.

“साहेब, आत बऱ्याच गोष्टी समजून घ्याव्या लागतात.”

“आम्हाला समज आहे,” बाबा म्हणाले. “हे लोक थापा मारतात, साहेब. मी आहे ना!”

इथेच सगळं बिघडलं. पण तेव्हा बाबांचा चेहरा असा होता, की जणू राजाने त्यांनाच वाड्याचा ताबा देऊन ठेवलाय.

बुरुजावर साहेब म्हणाले, “काय देखणं काम आहे!” बाबांनी नाक मुरडलं. “देखणं आहे, पण येण्याजाण्याची नोंद कुठे होत होती?” दरबारात साहेब छताकडे बघत राहिले, तर बाबा दारं मोजत होते. “सात दारं! आणि पहारेकरी चार. राज्य गेलं ते उगीच नाही.” राणीच्या महालात भिंतभर आरसे होते. त्यावर बाबांचं मत एवढंच, की हे पुसणार कोण? प्रत्येक दालनातून बाहेर पडताना ते शेवटी राहायचे आणि खटकन दिवा बंद करायचे. मागून येणारे लोक अंधारात एकमेकांवर आपटत होते.

“अहो, हे आपलं घर नाही,” आई दातओठ खात म्हणाली.

“साहेबांचं लक्ष असतं अशा गोष्टींवर,” बाबा कुजबुजले. “दक्ष माणूस हवाय त्यांना.”

शेवटी खजिन्याची खोली आली. जाड लाकडी दार, दाराला वर गजांची बारीक खिडकी आणि कडीत लटकलेलं नारळाएवढं उघडं कुलूप. कुलपाखाली पाटी होती. पाट्या अडाण्यांसाठी असतात, असं बाबांचं मत असल्यामुळे त्यांनी ती वाचली नाही. (मी वाचली होती. पण साहेबांसमोर बोलायचं कसं, म्हणून गप्प बसले.) आत दगडी पेट्या होत्या. थोड्या वेळाने आई आणि मी बाहेर आलो. मग बाबा आले. त्यांनी सवयीने दिवा मालवला, दार ओढलं, कडी घातली आणि ते कुलूप दोन्ही हातांनी दाबलं.

खट्ट.

“बघा!” बाबा आईला म्हणाले. “खजिन्याची खोली आणि सताड उघडी!”

तेवढ्यात आतून आवाज आला. “कोण आहे तिकडे? दिवा लावा!”

बाबांचा रंग उडाला. “साहेब? तुम्ही आत कसे?”

“आत कसे म्हणजे? मी आतच होतो! पेटीमागे वाकून नक्षी बघत होतो!”

“दारं मोजलीत, पहारेकरी मोजलेत,” आई म्हणाली, “माणसं तेवढी मोजायची राहिली.”

रखवालदार धावत आला आणि कुलूप बघून मटकन खाली बसला. “अहो, पाटी वाचता येत नाही? ‘हात लावू नये, किल्ली उपलब्ध नाही’!”

“उपलब्ध नाही म्हणजे? कुणाकडे तरी असेलच की!”

“राजाकडे होती. दोनशे वर्षं झाली.”

“मग इतकं जुनं कुलूप लागलं कसं?”

“मी दर सोमवारी तेल घालतो ना त्याला!” रखवालदार रडवेला झाला होता.

कुलूप ऐतिहासिक, म्हणून तोडायची सोय नाही. सुतार बोलावून दाराच्या बिजागऱ्याच काढायच्या ठरल्या. त्याला दोन तास लागले. तोवर साहेब गजांना धरून उभे होते आणि बाबा बाहेरून त्यांना वारा घालत होते. तेवढ्यात तो टोपीवाला गाइड पंधरा-वीस लोकांना घेऊन तिथे पोचला. त्याने बाबांकडे शांतपणे पाहिलं आणि छडीने खिडकी दाखवली. “ही खजिन्याची खोली. लोक म्हणतात, खजिना लुटला गेला. पण बघा, आत अजून काहीतरी शिल्लक आहे.”

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर कोळिष्टकं होती. घर आल्यावर बाबा उतरले आणि त्यांनी सवयीने गाडीचं दार नीट लागलंय का, ते तीनदा ओढून पाहिलं.

बुधवारी चष्मेवाल्याला ती खुर्ची मिळाली. साहेब म्हणाले म्हणे, “किल्ल्या हरवणारा माणूस परवडला. तो निदान कुलपं तरी लावत नाही.”

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तरी खोड गेलेली नाही. आज सकाळपासून त्यांनी माझी खोली दोनदा बाहेरून बंद केली. माणसाला आपण काय करतोय याचं भान कसं राहत नाही, हे मला कळतच नाही. मी तर ठरवून टाकलंय, की हा वारसा आपल्यापर्यंत येऊ द्यायचा नाही, आणि आलेलाही ना...

थांबा, बाबा हाका मारताहेत. आवाज न्हाणीघरातून येतोय. “अगं ए! अंधार कुणी केला? आणि ही कडी बाहेरून कुणी लावली?”

आले, बाबा! मगाशी तिथून जाताना मी फक्त