मृतांच्या वहीतले थेलन

"आठ वर्षांचा झाला, अजून स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही याला," इर्माबाई म्हणाल्या आणि उष्टी बशी सारावी तशी त्यांनी बोनीची वही बोटाने दूर सारली.

ब्रिजिट थेलनने घरात शाळा काढली त्याला सहा आठवडे झाले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली चार वर्षांचा क्लेमेंट खडू खात होता. सहा वर्षांची ओडिलिया त्याला "उपासाच्या शुक्रवारी खडू खाल्लास, आता नरकात जाशील," असं बजावत होती. तान्ही थेक्ला ब्रिजिटच्या खांद्यावर ओकून मोकळी झाली होती. सकाळची प्रार्थना आठला सुरू व्हायची. आता अकरा वाजले तरी ती चालूच होती, कारण पोरं जागेवर बसत ती तेवढ्याच वेळी.

थोरल्या बोनीला शाळेतून काढलं ते उगीच नव्हे. पिवळी बस दिसली की त्याला उलटी व्हायची. अक्षरं पाठमोरी पडायची, बाई लाल शाईने पान रंगवायच्या, मुलं हसायची. त्यातच मार्चमध्ये त्याचे आजोबा अलोइस गेले आणि पोरगा बोलायचाच थांबला. आता घरी निदान उलटी तरी थांबली होती.

पण इर्माबाई पडल्या सासूबाई, त्यात अडतीस वर्षं तिसरीला शिकवून निवृत्त झालेल्या. "मृतांचा सण पुढच्या शुक्रवारी," त्या म्हणाल्या. "तोवर याने माझ्यासमोर आठ ओळी सुलट लिहिल्या नाहीत, तर सोमवारी हा आणि ओडिलिया बसमध्ये. कर्टने मला शब्द दिलाय."

कर्टने, ब्रिजिटच्या नवऱ्याने, सप्टेंबरात तिलाही घरच्या शाळेचा शब्द दिला होता. तो दुधाचा टँकर चालवायचा आणि समोर जी बाई असेल तिला हो म्हणायचा.

मंगळवारी ब्रिजिट पोरांना घेऊन चर्चमध्ये गेली. नोव्हेंबर तोंडावर आला की दाराशी मृतांची वही ठेवतात. आपापल्या गेलेल्या माणसांची नावं त्यात लिहायची आणि सणाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर ती मोठ्याने वाचतात. तिला वाटलं, हाताला वळणही लागेल आणि आजोबांचं नावही जाईल. तिने बोनीच्या हातात पेन दिलं आणि सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात क्लेमेंट पवित्र पाण्याच्या कुंडात कोपरापर्यंत उतरला.

"मम्मा, काय लिहू?"

"रोज रात्री आपण ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो ना, त्यांची नावं! आडनावासकट!" क्लेमेंटला पिळता पिळता ती ओरडली. तिच्या डोळ्यांसमोर अलोइस होते, तिचे आईवडील होते. बोनीच्या डोळ्यांसमोर रात्रीची प्रार्थना होती.

शुक्रवारी चर्च भरलं होतं. इर्माबाई एकट्याच तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या, नवऱ्याचं नाव ऐकायला. ब्रिजिट पोरांना घेऊन मागच्या काचेच्या खोलीत होती. रडणाऱ्या पोरांसाठीच ती खोली बांधली होती. कर्ट टँकरवर होता. नेहमीचे फादर गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलेले, त्यांच्या जागी आलेले फादर ओबिना पंधरा दिवसांपूर्वीच या देशात उतरलेले. त्यांना गावातलं कोणी माहीत नव्हतं.

ते वही वाचू लागले. कुठे अडखळत होते, कुठे नुसतंच खाकरून पुढे जात होते. मग एकदम त्यांचा आवाज मोकळा झाला.

"अलोइस थेलन."

इर्माबाईंनी रुमाल काढला.

"इर्मा थेलन."

शेजारच्या रोझालियाबाई दचकल्या. "इर्मा, अगं तू...?"

"मी ही काय बसलेय!"

"दिसतेयस गं, पण..."

"कर्ट थेलन. ब्रिजिट थेलन." फादरांचा स्वर जड झाला. "ओडिलिया थेलन. क्लेमेंट थेलन. थेक्ला थेलन." अख्खं घर गेलेलं पाहून त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "वॉल्टर थेलन."

ऑर्गन बंद पडला. कोणी तरी हुंदका दिला.

"कधी झालं गं?" रोझालियाबाईंनी इर्माबाईंचा हात घट्ट धरला. "रस्त्यावर? एकटा बोनीच वाचला? आणि हा वॉल्टर कोण?"

"कुत्रा," इर्माबाई यंत्रासारख्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या सावकाश मागे वळल्या, बराच वेळ वळतच राहिल्या, आणि त्यांना काचेला जीभ लावून उभा असलेला क्लेमेंट दिसला. मग त्या पुन्हा पुढे वळल्या.

मिस्सा संपेपर्यंत बातमी फोनवरून सगळीकडे पोचली होती. डेअरीतल्या माणसाने कर्टला फोन करून आधी विचारलं, "तू जिवंत आहेस ना?" आणि मग सांगितलं, "बाकीचे गेले म्हणे." कर्ट टँकर तसाच घेऊन आला. चर्चच्या सभागृहात बायकांनी तोवर दुखवट्याचं जेवण म्हणून दोन हॅम आणि बटाट्याचे तीन ट्रे आणून ठेवले होते. दारात बायको दिसल्यावर तो तिथेच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. एका बाईने त्याच्या हातात बशी दिली.

वहीपाशी फादर ओबिना हात जोडून उभे होते. "माफ करा, बाई. इतरांचं अक्षर लागतच नव्हतं. हे पान इतकं स्वच्छ होतं की मी वाचतच गेलो."

इर्माबाईंनी चष्मा लावला. बोनी हिरवापिवळा पडला होता. तो रंग ब्रिजिट ओळखत होती. तिने त्याच्या हनुवटीखाली ओंजळ धरली. सोमवारची बस तिला आताच दारात दिसत होती.

"हे तू लिहिलंस?"

मान हलली.

"हात कोणी धरला होता?"

"कोणी नाही. मम्मा क्लेमला पिळत होती." मार्चपासून आजीशी तो पहिल्यांदाच इतकं बोलला होता.

"आणि माझं नाव आजोबांच्या खाली का?"

"रात्री तसंच म्हणतो आम्ही. आधी आजोबा. मग लगेच तू. तू एकटी असतेस ना."

इर्माबाईंनी पेन घेऊन कर्टवर रेघ मारली, ब्रिजिटवर मारली, तिन्ही पोरांवर, वॉल्टरवर. सगळ्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या. पेनाला टोपण लावलं.

"आई, तुमचं राहिलं," ब्रिजिट म्हणाली.

"राहू दे. आज ना उद्या लिहायचंच आहे. तेव्हा कर्ट लिहील, आणि त्याचं अक्षर मी तिसरीपासून बघतेय." त्यांनी दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. "इतकं चांगलं कोण काढणार आहे?"

"मग सोमवारी... बस?"

"कसली बस? आठ ओळी मागितल्या, आठही सुलट आहेत."

ब्रिजिटच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला.

"सोमवारी मीच येते," इर्माबाई म्हणाल्या. "सकाळी आठ म्हणजे आठ. गणित मी घेईन. शिस्तही मीच लावीन, पोरांना आणि तुलाही. रोज येत जाईन. शनिवारी सुट्टी वगैरे काही नाही."

ब्रिजिटने वहीत पाहिलं. रेघेखाली तिचं नाव अजून स्वच्छ वाचता येत होतं. ते खोडायची एवढी घाई करायला नको होती, असं तिच्या मनात येऊन गेलं.