परतीचं आडनाव

टिचकुलेकाकांच्या हातात लग्नाची पत्रिका दिली की ते आधी खिशातलं लाल पेन काढतात. देणारा अक्षता घेऊन तसाच उभा. काका नवरीच्या नावाखालून बोट सरकवत विचारतात, "वैशालीच्या स्पेलिंगमध्ये शेवटी आय आहे का डबल ई? दहावीच्या मार्कशीटवर काय आहे?" मुलीच्या बापाला ते बहुधा माहीत नसतं. मग काका त्या नावाभोवती लाल गोल काढतात, शेजारी तारीख घालून सही करतात आणि पत्रिका परत देतात. "घरी विचारून घेजो. उद्या मॅरेज सर्टिफिकेट काढायला जाल, तेव्हा हीच पत्रिका लावावी लागते." एवढं झालं की मग अक्षता घेतात.

लग्नाला मात्र न चुकता जातात. स्टेजवर चढून नवरीच्या डोक्यावर हात ठेवतात आणि सांगतात, "सुखात राहा बेटा. आडनाव बदलायची घाई करू नको. वर्षभर थांबजो." आमच्याच राइट टाउन मोहल्ल्यातल्या एका लग्नात नवऱ्याच्या आत्यानं हे ऐकलं आणि तिला तो शाप वाटला. जेवणाच्या रांगेत तिनं काकांना गाठलं. "काहून हो, आमचं घर वर्षभरही टिकणार नाही असं म्हणून राहिले का तुम्ही?" काका शांतपणे म्हणाले, "घर टिकेल ताई. मी कागदाचं बोलून राहिलो." आत्याबाईंचं समाधान झालं नाही. काकांनी दुसऱ्यांदा कढी घेतली.

काका आमच्या समोरच्या घरात राहतात. फॅक्टरीत आस्थापना विभागात नोकरी केली, म्हणजे कोणाचं लग्न झालं, कोणाला मूल झालं, कोणाची आई वारली, हे सगळं लोकांच्या सर्व्हिस बुकात लिहिण्याचं काम. आमचं शहर हिंदी मुलुखातलं, आजूबाजूला सगळे हिंदी बोलणारे बाबू, त्यामुळे आमच्या मराठी आडनावांतला ळ कोणाच्या टाइपरायटरवर नसायचा. काळे यायचे आणि काले होऊन जायचे. काका त्या टाइप केलेल्या ल वर आपल्या पेनानं ळ करत. साहेबानं एकदा विचारलं, "टिचकुले जी, इससे फर्क क्या पड़ता है?" काका म्हणाले, "सर, मला काही नाही. काळ्यांना पडते." हे त्यांनी साहेबाला मराठीतच सांगितलं असा त्यांचा दावा आहे.

रिटायर झाल्यावर काम सुटलं, सवय राहिली. किराण्याच्या यादीखालीसुद्धा सही करतात. लॅमिनेशनचा त्यांना मनापासून तिटकारा. कोणी लॅमिनेट केलेला जन्मदाखला आणला की ते तो दोन बोटांत धरून म्हणतात, "गळा दाबला तुम्ही याचा." आणि कोणी नको तो प्रश्न विचारला तर त्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं, "त्याचा कॉलम आहे का?" माझ्या आईनं एकदा सहज विचारलं होतं, की भाऊजी, तुमची वर्षा अलीकडे दिसत नाही. काका म्हणाले, "त्याचा कॉलम नाही वहिनी," आणि घरात निघून गेले. वर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या, आणि वर्षाच्या लग्नानंतर त्या घरात काका एकटेच.

मी काकांच्या तावडीत सापडले ती घटस्फोटानंतर. नऊ वर्षं मी सुनीता खांडवे होते. दोघांच्या संमतीनं कोर्टाचा आदेश झाला आणि मी राइट टाउनला आईकडे परत आले. आदेशाची प्रत महिनाभर कपाटात साड्यांखाली पडून होती. मला पुन्हा सुनीता धवळे व्हायचं होतं, पण त्यासाठी दहा खिडक्यांवर उभं राहून दहा जणांना कारण सांगावं लागेल, या विचारानंच मी कपाट पुन्हा लावून टाकायचे. मी शाळेत शिकवते. हजेरीपटावर रोज खांडवे म्हणून सही करायची आणि प्रत्येक सहीला पेन क्षणभर अडायचं.

आईनंच बहुतेक काकांना सांगितलं. एका रविवारी सकाळी ते फाइल घेऊन आले. मला वाटलं, आता विचारतील काय झालं, कोणाचं चुकलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आधारमध्ये नाव किती वेळा बदललं?"

"एकदा. लग्नानंतर."

"अच्छा. म्हणजे एक संधी उरली. दोनदाच बदलता येते. तिसऱ्यांदा फार खेटे." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "धवळेचं स्पेलिंग काय करायचं?"

इथे पहिला घोळ निघाला. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर धवळेमध्ये डब्ल्यू होता, डिग्रीवर व्ही, आणि वडिलांच्या कागदांवर मध्ये एक जास्तीचा ए. मी आणि वडील एका घरात राहून तीन वेगळ्या आडनावांनी जगत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. काकांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यांना इतक्या आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं.

"दहावी," ते शेवटी म्हणाले. "दहावीवर जे आहे, ती तू."

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझ्या स्कूटरच्या मागे काका एका बाजूला पाय सोडून बसत, फाइल छातीशी, आणि प्रत्येक गतिरोधकावर आधी फाइल सांभाळत. सिव्हिल लाइन्सच्या बाजूला झाडाखाली नोटरीचं टेबल होतं. तिथे शपथपत्राचा मसुदा काकांनी तीनदा परत टाइप करायला लावला. टाइप करणारा वैतागून म्हणाला, "दादा, आप ही बैठ जाओ कुर्सी पे." काका खरंच बसले. चौथी प्रत त्यांनी स्वतः टाइप केली, एका बोटानं, आणि ती बरोबर निघाली.

पेपरात जाहीर सूचना द्यायची होती. ती छापून आली त्या सकाळी काका फाटकातूनच हाक मारत आले. पेपरात होतं, 'मैं सुनीता खांडवे अब सुनीता धकेले के नाम से जानी जाऊँगी.' मी आधी हसले. धक्का देऊन बाहेर काढलेली ती धकेले, असंच वाचलं मी. मग हसता हसता रडायला यायला लागलं आणि मी पेपर उलटा ठेवला. आत जाऊन काकांनी आईकडून पाण्याचा ग्लास आणला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "चलो. अक्षर चुकलं आहे. अक्षर दुरुस्त होते."

पेपरच्या जाहिरात खिडकीवर त्यांनी आमचा मसुदा, त्यावरचा पोच शिक्का आणि छापलेली चूक अशी तीन कागदांची चळत सरकवली. तिसऱ्या दिवशी सूचना नव्यानं आली, बरोबर. काकांनी तिच्या पाच प्रती घेतल्या.

सगळ्यात जास्त भीती मला आधार केंद्राची होती. खिडकीपलीकडे एक उत्साही माणूस होता. कागद पाहत तो सहज म्हणाला, "क्यों मैडम, शादी नहीं चली?" मागे रांग होती. माझा चेहरा तापला. मी उत्तर शोधत होते, कारण नऊ वर्षं मी सगळ्यांना उत्तरंच देत आले होते.

काका माझ्या खांद्यावरून पुढे वाकले. "भैया, फॉर्म में ये कॉलम कहाँ है? दिखाओ ज़रा."

तो गडबडला. "नहीं अंकल, ऐसे ही पूछ लिया."

"ऐसे ही का कॉलम भी नहीं है."

रांगेतलं कोणीतरी हसलं. त्या माणसानं मान खाली घालून टाइप करायला घेतलं. काकांनी त्याच्याकडून स्क्रीन फिरवून घेतली, एकेक अक्षर बोटानं मोजलं, मला मोजायला लावलं, आणि मगच मान डोलावली. बाहेर आल्यावर मी पायरीवर बसून घेतलं. छातीवरून कोणीतरी पाटा उचलल्यासारखं वाटत होतं. इतके दिवस मला वाटत होतं की आपलं नाव परत घ्यायचं तर आधी आपली कहाणी द्यावी लागते. तसं काही नव्हतं. तीन कागद द्यावे लागत होते.

नवं कार्ड आलं, बँकेत नाव बदललं, शाळेत बदललं. हजेरीपटावर पहिल्यांदा धवळे अशी सही केली आणि येताना खोव्याची जलेबी घेऊन काकांकडे गेले. त्यांनी दोन खाल्ल्या, हात धुतले, आणि माझ्यासमोर बसून टेबलक्लॉथची घडी सरळ करत राहिले.

"एक काम होतं," ते म्हणाले. "वर्षाला फोन करशील का? भोपाळला असते ती. तिला सांगजो, झालं म्हणून. फार त्रास नाही झाला म्हणजो."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, एकेक वाक्य तोडून.

वर्षाच्या लग्नानंतर काकांनी एकोणीस दिवसांत तिचं आडनाव सगळीकडे बदलून घेतलं होतं. फॅक्टरीत लोक पाहायला आले होते म्हणे ती फाइल. दोन वर्षांनी एका दुपारी तिचा फोन आला. बाबा, मी घरी येऊ का? "आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, येशील, पण तुझे कागद कुठं आहेत? सगळे त्यांच्या नावानं आहेत, ते आधी हातात घे." काका टेबलक्लॉथकडे पाहत होते. "मला भीती वाटली होती की ते लोक कागद अडकवून ठेवतील. मी तिच्या भल्याचंच बोलून राहिलो होतो. पण तिनं फक्त एवढं ऐकलं, की बाप ये म्हणाला नाही. तिनं फोन ठेवला. सासर तर तिनं सोडलंच. इथे नाही आली. भोपाळला गेली, नोकरी धरली."

"मग आता?"

"दिवाळीला फोन करते. दोन मिनिटं. कागद अजून त्याच नावाचे आहेत. मी काढलेले." जरा थांबून म्हणाले, "माझं नाही ऐकणार. तुझं ऐकेल."

मी दुसऱ्या दिवशी फोन केला. वर्षाचं मराठी आता अर्धं हिंदी झालं होतं. मी माझी सगळी हकीकत सांगितली, धकेलेसकट. ती हसली. मग तिनं विचारलं, "दीदी, सच बताओ. बाबांनी तुम्हाला विचारलं नाही, काहून सोडलं म्हणून?"

"नाही. एकदाही नाही. दुसऱ्या कोणाला विचारूही दिलं नाही."

"अच्छा," ती म्हणाली. "मी बघते."

ती पुढच्या शनिवारी आली. काकांनी मला आधीच बोलावून ठेवलं होतं, बहुतेक एकट्याला धीर होत नव्हता. ऑटो थांबला तसे ते फाटकाशी गेले आणि तिथेच उभे राहिले, आत ये म्हणायचंही सुचेना. वर्षा बॅग घेऊन समोर. दोघं एकमेकांकडे पाहत होते. शेवटी काका म्हणाले, "ये. आलीस ते बरं केलं. किती दिवस राहते आहेस ते विचारत नाही. राहा."

ती आत आली, पाणी प्यायली, आईच्या फोटोसमोर जरा उभी राहिली. मग स्वतःच बॅगेतून कागदांनी भरलेली एक प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. काकांनी पिशवीला हात लावला नाही. "आधी जेव," म्हणाले. जेवणं झाली. काकांनी केलेली आमटी खारट होती आणि ती तिनं दोनदा घेतली.

जेवण झाल्यावर तिनं फॉर्म मागितला. काकांनी कोरा फॉर्म दिला आणि नेहमीसारखं स्वतःचं पेन उघडलं, पण ती म्हणाली, "द्या, मी भरते." काकांनी पेन तिच्याकडे सरकवलं. पंख्यानं कागद उडत होता, म्हणून त्यांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

नव्या नावाच्या चौकटी तिनं एकेक करून भरल्या. टिचकुले. शेवटचं अक्षर लिहिताना पेन घसरलं आणि मात्रेसकट अक्षर चौकटीबाहेर गेलं. तिनं पेन थांबवून बापाकडे पाहिलं. असले किती फॉर्म काकांनी आयुष्यात फाडून लोकांना परत लिहायला लावले असतील, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

काकांनी चष्मा वर करून ते अक्षर पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "वाचता येऊन राहिलं."

आणि चहा ठेवायला आत गेले. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत होता. वर्षानं पुढचा रकाना भरायला घेतला.